दोनापासून मोजणी

आमच्याकडे पोरांची मोजणी दोनापासून सुरू होते.
थोरल्याला म्हणायचं दोन. पहिला कुणीच नाही.
पहिल्यावर कुणाचा तरी डोळा असतो,
समुद्राचा, तापाचा, सरकारी वहीचा,
म्हणून ती जागा रिकामी सोडायची.
माझे वडील मुओई, म्हणजे दहा. होते नववे.
मी उत. शेंडेफळ.

वडलांच्या वाट्याला घर आलं नाही, मोठी होडी नाही,
बांबूची एक गोल टोपली आली,
शेणानं, राळेनं लिंपलेली;
तिच्यात उकिडवं बसून एका वल्ह्यानं
ते आयुष्यभर मांदेलीएवढ्या माशांमागे गोल गोल फिरले.

गावात वीज आली त्या साली
पहाटे त्यांना वाळूवर आजोबा दिसले.
आम्ही देवमाशाला आजोबाच म्हणतो, ओंग;
वादळात होडीखाली पाठ देतात ते.
मेलेले आजोबा ज्याच्या नजरेला आधी पडतील
तो त्यांचा थोरला मुलगा. रीतच आहे.
सख्ख्या बापाच्या तिरडीमागे जे नववे चालले होते
ते इथे सगळ्यांच्या पुढे चालले,
डोक्याला पांढरी पट्टी,
आणि तीन वर्षं सुतक पाळलं.
मग हाडं उकरून तांदळाच्या दारूनं धुतली,
देवळात ठेवली.
ते देऊळ अजून आहे,
दोन हॉटेलांच्या मधे, एसीच्या गरम वाऱ्यात.

मुई बाकच्या वाळूला आता तासाचं भाडं आहे.
मासे आंबवायचे रांजण उताणे पडले,
त्यांत बोगनवेल लावली.
तरी वारा फिरला की जुना वास उठतो.
मी रिसेप्शनवर रात्रपाळीला असते.
दोनशे चौदा नंबरची बाई नाक धरून येते,
मी वहीत लिहिते: वास कुठून येतो, शोध चालू आहे.
वास माझ्या केसांत असतो.
वडील किनारा झाडतात.
छातीवर बिल्ला: मिस्टर टेन.
पाहुण्यांना सोपं जावं म्हणून.

टेटच्या सणानंतरची गोष्ट.
हॉटेलच्या खुर्च्यांपुढे, भरतीच्या रेघेवर,
आजोबा. लहानसे, वासराएवढे.
साडेचारला झाडू घेऊन वडील गेले
आणि तिथेच गुडघ्यांवर बसले.
मॅनेजर कोआन सायगावचा, पोरगेला, वाईट नाही;
म्हणाला, सातला नाश्ता सुरू होतो, क्रेन बोलावतो.
वडलांनी बिल्ला काढून वाळूत खोचला,
पोहण्याच्या तलावाचा टॉवेल टरकन फाडला,
हॉटेलचं नाव कपाळावर येईल असा बांधला.
क्रेन आली. पण त्याआधी
टॅक्सीवाले आले, नारळवाला आला,
पतंगावर लाटा कापायला शिकवणारा थाओ आला,
ज्याचा बाप समुद्रातून परत आला नव्हता.
चार आडव्या खुर्च्यांवर घालून आजोबांना नेलं.
एक पाहुणा चप्पल काढून बाजूला उभा राहिला.
बाकीच्यांनी फोटो काढले.

टॉवेलचे पैसे माझ्या पगारातून कापले.

पट्टी की बिल्ला, कोआननं विचारलं.
वडील आता घरी असतात. पट्टी आहे.
टोपलीला पुन्हा शेण लावलंय,
इथे गाय मिळत नाही, वीस किलोमीटरवरून आणलं.

हे कुणाला सांगितलेलं नाही:
माझ्या वहीत, त्या रात्रीच्या पानावर,
माझ्याच अक्षरात आहे,
तीन पन्नास. पाण्याकडे काळं काहीतरी. सकाळी पाहणे.
उलटी होडी असेल असं मी स्वतःला सांगितलं होतं.
होडी नव्हती, मला कळलं होतं.
मग मी दोनशे चौदाचं बिल काढत बसले.

केसांच्या जाळीखाली
मी एक पांढरा दोरा बांधते.
वडील रोज उदबत्ती लावतात, थोरल्यासारखी, आधी.
मी त्यांच्या मागे उभी राहते.
पहिल्याची जागा रिकामीच ठेवायची असते.