अनुदान अप्राप्त

एक तारखेला रविनगरच्या क्वार्टरांत
माणसं फोन उशाशी घेऊन झोपतात.
मार्चची एक गेली. एप्रिलची गेली.
मेच्या एकला कोणी उशाशी ठेवलाच नाही,
चार्जिंगला लावून दिला, दुसऱ्या खोलीत.

आमचे हे आस्थापना शाखेत.
दोनशे बारा जणांची पगारबिलं हेच करतात.
एकशे सदतिसाव्या ओळीत
बारापात्रे, दिवाकर नामदेव.
तेही स्वतःच टाइप करतात, काना-मात्रा तपासून.
म्हणून पगार अडला की शिव्या आमच्या घरी येतात.
भिवापूरचा कंपाउंडर, कुहीचा शिपाई,
रात्री दहाला काटोलची एक नर्सबाई:
"बाबू, बिल अजून अडकूनच राहिलं का?"
"पाठवलं ना बाई. ट्रेझरीत आहे. अनुदान नाही आलं."
हे इतक्या शांतपणे सांगतात
की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचा झाला असेल.
मग फोन ठेवतात
आणि भिंतीकडे पाहून मला विचारतात,
"पेट्रोलपुरते आहेत का काही?"

आहेत.
डाळीच्या डब्यात नाहीत, तिथं सगळे शोधतात.
पोरीच्या जुन्या कंपासपेटीत, कर्कटकाखाली,
दोनशेच्या तीन नोटा.
आता दोन.

विम्याचा हप्ता महिनाभर थांबतो, हे मला नव्यानं कळलं.
पतसंस्था पगारातूनच कापते,
तीही बिचारी आमच्यासोबत वाट पाहून राहिली.
व्हॅनवाल्याला खरं सांगितलेलं बरं,
नणंदेला अजिबात नाही.
कळमेश्वरहून बाबा फोन करतात.
स्थळ पाहताना त्यांनी एकच विचारलं होतं,
नोकरी सरकारी आहे ना.
अजूनही तेच, "तुमचं बरं आहे माय, पगार पक्का."
मी म्हणते, हो बाबा, पक्का.
पक्काच आहे. फक्त येत नाही.

पंचेचाळीस अंश.
कूलरचं गवत गेल्या वर्षीचंच, उलटं करून भरलं.
हवा येते, गारवा येत नाही.
लांजेवारताईंचं सिलिंडर संपलं त्या दिवसापासून
त्यांचा कुकर सकाळी आमच्या गॅसवर.
तिसरी शिट्टी झाली की त्या धावत येतात
आणि स्वतःच्या हातानं बटण बंद करतात.
मी म्हटलं, होऊ द्या की चौथी, डाळ कच्ची राहील.
"राहू द्या. दातांनी शिजवू."
आम्ही दोघी हसलो,
मग त्यांनी ओट्यावरचं पाणी उगाच पुसलं.

अठरा मेला, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी, आला.
फेब्रुवारीचा.
दोन एक्केचाळीसला घराचा हप्ता,
त्याच्यामागं आधी परत गेलेल्या दोन हप्त्यांचा दंड,
दंडावरचा कर.
ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
बाकी तेवढीच.
त्या संध्याकाळी एकही फोन आला नाही.
भिवापूर, कुही, काटोल,
दोनशे अकरा माणसं एकदम आम्हाला विसरली.
साडेनऊला ह्यांनी फोन उचलून पाहिला,
रेंज आहे का.

मी चौकात मोटवानीकडे गेले.
सहा हजार चारशे अकरा.
त्यानं थुंकी लावून नोटा मोजल्या,
वहीत लांब आडवी रेघ ओढली
आणि अकरा रुपये माझ्याकडे सरकवले.
"हे राहू द्या भाभी. खातं पूर्ण मिटवायचं नसतं."
तीन महिने हा माणूस एका शब्दानं बोलला नव्हता.
आशीर्वाद होता की अंदाज,
कळलं नाही.
दहाचं एक नाणं, रुपयाचं एक,
घरी येईस्तोवर मुठीत तापले.

मेचं बिल सोमवारी करायला घेणार आहेत.
ओळ तीच, एकशे सदतीस.
काना-मात्रा तपासून.