रकाना सात

नर. मादी. पाडसं.
जन्म. मृत्यू. आले-गेले.
आणि सातवा, सगळ्यांत अरुंद रकाना:
अतिरिक्त.

भायखळ्याच्या बागेत तेवीस वर्षं
मी हा तक्ता भरतो.
चितळं समोर नसतात. खिडकीतून
त्यांच्या मुताचा वास येतो,
आणि अकरानंतर सहलीच्या पोरांचा कल्ला.

यंदा आकडा एकोणीस.

भागोजी निवाते त्यांना चारा टाकतो.
म्हणाला, भाऊसाहेब, एकोणीस म्हणजे कुठली?
म्हटलं, कुठलीही.
म्हणाला, कुठलीही असं चितळ
आपल्याकडं एकही नाही.
आणि बोटांवर सुरूच झाला:
ती कानफाटकी, तो केळीच्या सालीचा हावरट,
ती, जिचं पाडस गटाराच्या जाळीत अडकलं होतं,
मी हात घालून काढलं, हे बघा, इथं व्रण...
मी पंखा मोठा केला.

डॉक्टर केळुसकर बाई सरळ बोलतात.
नर वेगळे ठेवा, ते दिवसभर
कुंपणाला शिंगं घासत बसतील.
माद्यांना सुई द्या. मग पाडस चाटणं,
हे एकच काम इथं त्यांचं स्वतःचं होतं, तेही गेलं.
दुसऱ्या बागेला पाठवा, तर त्यांचाही सातवा रकाना भरलेला.
जंगलात सोडा, तर माणूस दिसला की
बिस्कीट मागायला पुढं येणारं जनावर
जंगलात किती दिवस?
मग दार लोटून घेत, हळू:
परदेशात काही ठिकाणी मारतात
आणि वाघाला घालतात. आपण नाही मारत.
आपण जागा तेवढीच ठेवतो,
आणि वाट बघतो.

पहाटे देवनारहून टेंपो येतो.
वाघाच्या नावानं मांस, वजन करून, सही माझीच.
ती म्हैस कुणाच्या तक्त्यात
कितव्या रकान्यात होती,
मी कधी विचारलं नाही.

घरी वृंदा दिवा न लावता बसलेली.
शिवडीच्या शाळेत पहिलीला यंदा सात मुलं.
पत्र आलंय, पालिकेचंच,
आमच्या ऑफिसात येतो तसल्याच कागदावर:
आपणांस अतिरिक्त ठरविण्यात येत आहे.
टायपिंगची एक चूक नाही रे, ती म्हणाली,
कुणीतरी मन लावून केलंय.
मी चहा ठेवायला उठलो.
मीही मन लावूनच करतो.

जनावर वेगळं, माणूस वेगळं, कळतं मला.
वृंदाला मानखुर्दची शाळा मिळेल,
पगार चालू राहील, युनियन आहे.
पण अतिरिक्त म्हणजे कशाला अतिरिक्त?
जागेला.
आणि जागा आखताना चुन्याची फक्की
कुणाच्या हातात होती?

सकाळी टेबलाकडं न जाता
सरळ कुंपणापाशी गेलो. तेवीस वर्षांत
दुसऱ्यांदा असेन.
भागोजी बोटानं ओठ दाबून उभा.
गवताच्या भाऱ्यामागं, ओलं, ठिपके अजून चिकटलेले,
सुई चुकवून आलेलं एक.
आई चाटत होती. आमच्याकडं तिनं पाहिलंही नाही.

हे एकोणिसात धरायचं, भागोजी कुजबुजला,
की विसावं?

म्हटलं, आधी उभं तर राहू दे.

दोनदा पडलं.
मग राहिलं, चार पाय चार दिशांना,
आणि पेन माझ्या खिशात होतं.