झाकणाचा आकडा

गुरुवारी साडेआठला मी खिडकी लावून घेते,
तरी गल्लीतले माग खोलीत येतातच.
खटक् खटक्, खटक् खटक्.
वडगावात कुणाचाही वर्ग
धोट्याच्या तालावरच चालायचा.

पडद्यावर एकतीस चौकोन.
सव्वीस काळे, नुसती नावं पांढरी.
निपाणी, हुक्केरी, खानापूर,
एक चंदगडकडचा, मामाकडं राहतो
म्हणून आमच्यातलाच.
कुणाच्या मागं कुकर, कुणाच्या मागं म्हैस,
विरूपाक्षच्या मागं कायम कोणतरी खोकतंय.

मी पाणी शिकवते.
म्हणजे पाण्याची चित्रं शिकवते:
वर जाणारा बाण, खाली येणारा बाण,
मधे एक ढग, मेंढीसारखा.
"समजलं?" म्हणते,
आणि काळे चौकोन
समजल्यासारखे गप्प बसतात.

एकदा बाणांचा कंटाळा आला. मलाच.
म्हटलं, एखाद्या डब्याचं झाकण घ्या.
त्यावर चार फाका रंगवा, दोन काळ्या, दोन पांढऱ्या.
मधे भोक, भोकातून दोरी, खाली जड नट,
दोरीला चार-चार बोटांवर गाठी.
पाण्यात सोडा. दिसेनासं होईल तिथं थांबा.
किती गाठी बुडल्या, लिहा.
परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही.
(सर्टिफिकेट नाही म्हटल्यावर
तीन चौकोन तिथंच विझले.)

रविवारी फोन आला, अक्षता बिर्जेचा.
खानापूरच्या पुढं, बंद पडलेल्या
कौलांच्या भट्टीवर चढलेली,
तिथंच दोन दांड्या रेंज मिळते म्हणून.
"मॅडम, ऐकू येतंय काय?
नदीत सोडलं झाकण.
गावाच्या वरच्या अंगाला सतरा गाठी,
खालच्या अंगाला सहाच.
आकडा लहान आला.
माझं कुठं चुकलं काय हो?"

तुझं नाही गं चुकलं,
एवढं म्हणायला
मला जरा वेळ लागला.

पुढच्या गुरुवारी सहा चौकोन उजळले.
सहाच. पण सहा हातांत सहा झाकणं:
रंगाच्या बादलीचं, पिठाच्या डब्याचं,
विरूपाक्षचं कुंद्याच्या डब्याचं,
दुकानाचं नाव अजून पुसलेलं नाही.
तक्ता एकच.
तो कन्नडात लिहितो, अक्षता मराठीत.
पाटीवरच्या अक्षरांपायी इथं काचा फुटल्यात,
पण सहाला आरु म्हणा की सहा,
झाकण तेवढंच बुडतं.

मग निपाणीचा सोहेल मुजावर,
वर्षभरात ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता,
त्यानं माईक उघडला:
"मॅडम, तुमच्याकडचा आकडा किती?"

गल्लीतले माग थांबले.
(लाईट गेली होती, दुसरं काही नाही.)
अंधारात फोनचा उजेड
फक्त माझ्या तोंडावर.

नाला माझ्या दारापासून दोनशे पावलं.
बावीस वर्षं नाक दाबून ओलांडलाय.
बाणांच्या चित्रात
तो मी कधी काढलाच नाही.

शुक्रवारी सकाळी गेले. झाकण हळदीच्या डब्याचं.
आई म्हणाली, ते परत घरात आणू नकोस.
पाणी कुठल्यातरी साडीच्या रंगाचं.
एक गाठ गेली.
दुसरी भिजायच्या आत झाकण दिसेना.
वर काढलं, परत सोडलं. परत एकच.
सायकलवरची दोन पोरं उतरली,
"काय पडलं ओ अक्का आत?"
दोरी त्यांच्या हातात दिली.

तक्त्यात माझ्या नावापुढं आता लिहिलंय: एक.
सगळ्यांत लहान आकडा मॅडमचा.
सोहेलनं त्याखाली हसरं तोंड टाकलं,
मग पुसलं.

या गुरुवारी वर्ग नाल्यावरून.
साडेआठला नाही, साडेपाचला, उजेड आहे तोवर.
आवाज तुटेल, वारा घुसेल,
वास पडद्यातून जात नाही
हे तुमचं नशीब.
लांब असाल तर आपल्या पाण्यापाशी
उभं राहून जोडून घ्या.
जवळ असाल तर या.
जुन्या चपला घाला.
झाकण ज्याचं त्यानं आणा.