कोरी जागा

आमच्या बेटावर झाडं नाहीत.
म्हणजे आहेत चार-दोन, चर्चच्या भिंतीआड,
मेंढ्यांना भिऊन उभी.
लाकूड येतं ते समुद्रातून.
कुठल्याशा नदीनं सोडून दिलेला लार्चचा ओंडका
तीन हिवाळ्यांमागे खाडीत लागला,
हल्ग्रिमच्या ट्रॅक्टरनं नाही,
आमच्याच दोरानं ओढून आणला मी.
हे बाबांनी तीनदा विचारून घेतलं.

फळ्या काढल्या, वाळवल्या.
आत मीठ मुरलेलं; रंध्याचं पातं
दर चार हातांनी बोथट.
किसाचा वास निम्मा राळेचा, निम्मा माशाचा.

तीन आठवडे मी बोटीवर, इंजिनखोलीत,
तीन आठवडे घरी.
दर खेपेला येते तो बाबांच्या डोळ्यांतलं धुकं
आणखी थोडं खाली आलेलं,
डोंगरावरून उतरतं तसंच, घाई न करता.
आता त्यांना खिडकी दिसते, खिडकीतली होडी नाही.
परवा गुण्या शोधताना
पटाशीवर हात पडला.
रक्त त्यांना दिसलं नाही.

म्हणून हे कपाट.
रुंदी त्यांच्या दोन हातांच्या कवेएवढी.
माप टेपनं घेतलं नाही, त्यांनाच भिंतीशी उभं केलं.
पोलीस करतात तसं, म्हणाले.
एकेक हत्यार फळीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली
आणि जागा कोरल्या.
रंधा खाली, डावीकडे, जड म्हणून.
पटाश्या रुंदीच्या क्रमानं नाहीत,
ज्या वयात घेतल्या त्या क्रमानं;
त्यांना तशाच आठवतात.
पहिली, अर्ध्या इंचाची, मासे खारवायच्या पहिल्या पगाराची.
खतकस. कानशी दोन.
आणि मोगरी, जिच्यावर माझे दुधाचे दात उमटलेत.

टांगायला दोन तिरक्या पट्ट्या:
एक भिंतीला, एक कपाटाला,
उतार उताराच्या गळ्यात.
वजन वाढलं की पकड वाढते, बाबा म्हणाले,
माणसांचं उलटं.

उजव्या दाराच्या आत एक जागा
त्यांनी बोटानंच आखून दिली.
दोन्हीकडे मुठी, मधे वीतभर पातं.
ओढसुरी.
ती घरात नाहीच मुळी. एकोणीस वर्षांपूर्वी
हल्ग्रिमनं नेली, वल्हं तासायला,
मग कुंपणाचं झालं, मग मेंढ्यांचं,
मग बोलणंच खुंटलं.
कोर, म्हणाले. मी कोरली.
कोरलेली, आणि कोरी.

शुक्रवारी हल्ग्रिम आला,
आमचं पत्र त्याच्या पेटीत पडलं म्हणून.
दारातच उभा, टोपी न काढता.
कपाट उघडं होतं.
त्यानं ती जागा पाहिली. कितीतरी वेळ पाहिली.
मग वाऱ्याबद्दल दोन शब्द बोलला, आणि गेला.

सोमवारी पायरीवर वर्तमानपत्राची गुंडाळी.
बाबांनी ती मांडीवर घेतली, उलगडली,
पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं.
धार लावून दिलीय लेकानं.
मग मुठी चाचपल्या, एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.
या माझ्या नव्हेत. त्यानं बसवल्यात.
हे बघ, बोटांचे खळगेसुद्धा त्याचेच.

जागेत बसेना. मूठ बोटभर लांब.
कापू का थोडी, मी विचारलं.
बाबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.
कापायचं तर आपलं लाकूड काप.

पहिल्या पगाराची पटाशी काढली
आणि जागा वाढवली.
उजवीकडे जरा जास्तच गेलं माझ्याकडून.
आता दार मिटताना ती आत हलते, वाजते.
पाचर मारून देते, म्हटलं.
वाजू दे, म्हणाले,
दार लागलं की नाही ते तरी कळेल.