वांगी रंग

यावलात, फैजपूर रस्त्याला,
ताहेरभाई बोहरींच्या दुकानात
मी रंगाचं मशीन चालवतो.
पांढऱ्या डब्यात थेंब पडतात,
झाकण बसतं, डबा गदागदा हलतो.
मशीनला नाव कळत नाही, आकडा लागतो.
नाव गिऱ्हाइकाच्या तोंडात असतं
आणि मधली सगळी जबाबदारी माझी.

इच्छाबाई नेहते बामणोदहून आल्या.
"घर वांगी करायचं हाये."
मी संगमनेरचा. आमच्याकडे वांगं म्हणजे
जांभळं, चकचकीत, काटेरी देठाचं.
चार डबे दिले.

तिसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन परत.
काउंटरवर वांगं ठेवलं:
वीतभर लांब, हिरवं,
पोटाशी पांढुरक्या रेघा,
देठाला अजून शेताची माती.
"का रे भो, वांगं कधी पाह्यलंच नाही का तू?
तू देलं ते त जांभूय हाये."

ताहेरभाई हसले.
त्यांच्या घरी गुजराती. तिथे भूरो म्हणजे आभाळ,
आणि शकील पेंटरच्या हिंदीत भुरा म्हणजे माती.
एकदा या एका शब्दापायी
दवाखान्याचं अख्खं फाटक दोनदा रंगलं.
दुसऱ्या वेळचे पैसे कुणी द्यायचे
ते अजून ठरलेलं नाही.

सातपुड्यातून, वैजापूरच्याही वरून
रेमसिंग पावरा येतो कधीमधी.
तो नाव सांगत नाही, वेळ सांगतो.
"मोहाला पान फुटतं ना,
पहिल्या दोन दिवसांतलं."
तांबूस? मी शेडकार्ड पुढे करतो.
त्याचं बोट फिरतं: ओशन मिस्ट, डेझर्ट रोझ.
समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नाही.
एका चौकोनावर थांबून म्हणाला,
"हा तिसऱ्या दिवसाचा झाला."
आणि चौथ्या दिवशी?
"चौथ्या दिवशी नुसतं पान."

इथल्या बोलीत ळ टिकत नाही.
पिवळं पिवयं होतं, निळं नियं,
आणि काळा, काया.
नवा होतो तेव्हा एकजण म्हणाला,
"दरवाजाले काया रंग दे,"
आणि माझा हात मशीनवरच थांबला.
देहाचा रंग? कुणाच्या देहाचा?
मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं,
तीन उन्हाळे इथे काढलेल्या.
बरोबरच मागत होता तो.

तर ते वांगं.
रंग वाचायचं यंत्र त्याच्यावर टेकवलं.
देठाशी एक आकडा आला,
पोटावर दुसरा,
रेघेवर तिसराच.
"यातला कोणता घेऊ?"
"सगळा," इच्छाबाई म्हणाल्या,
जसं काही वांगं विकत घेताना
कुणी अर्धं घेतं.

शेवटी पोटाचा घेतला.
रिक्षात डबे चढवताना म्हटलं,
मावशी, त्या जांभळ्या भिंतीवर दोन हात मारले
की झाकून जाईल.
"राहू दे ती," त्या म्हणाल्या.
"तुह्या गावचं वांगं हाये ते.
येशील तव्हा वळखीचं काहीतरी दिसीन."

वांगं काउंटरवरच राहिलं.
आकडा वहीत लिहिला,
नावाच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना,
मग लिहिलं: वांगी (बामणोद).
वरच्या जुन्या नोंदीपुढे कंसात
संगमनेर घातलं.

दुकान बंद करताना शकीलने
मागच्या मोकळ्या जागेत पऱ्हाट्या पेटवल्या.
हिरवं गेलं, रेघा गेल्या,
साल काया झाली, तडकली.
सोलल्यावर आत जे वाफाळतं निघालं
त्याचा रंग सांगायला
ताहेरभाईंनी तोंड उघडलं, मीही उघडलं.

शकील म्हणाला, आधी मीठ द्या.