मागे उरलेला प्रत्यय

पोर्सुक नदीच्या काठी, पुनर्वसन वॉर्डात
मंगळवारी आणि शुक्रवारी मी चित्रं दाखवते.
रस्ता. पाणी. मीठ. झोपलेला माणूस.
शहाबेत्तिन बेय चित्राकडे बघतात
जसं कुणी स्वतःच्याच घराकडे बघावं
आणि दाराला परकं कुलूप असावं.

रस्त्याचं चित्र. योल. एक श्वास, एक शब्द.
येत नाही.
ओठ गोल होतात. उजवा हात चादरीवर तसाच पडलेला,
डाव्याने ते हवेत काहीतरी चिमटतात,
टक्,
तिकिटाला भोक पाडावं तसं,
आणि म्हणतात, स्वच्छ, करड्या आवाजात:
योलजू.
प्रवासी.

रस्ता हरवला. रस्त्यावरचा माणूस सापडला.

पुस्तकात आम्हाला मालगाडी शिकवली होती:
पुढे मूळ, मागे एकेक डबा जोडत जायचा,
योल, योलजू, योलजुलुक,
रस्ता, प्रवासी, प्रवास,
कपलिंग खटकन बसतं, गाडी सुटते.
ते खोटं नाही. माझी चार वर्षांची भाची
अंगणभर मांजरामागे धावून दमली आणि म्हणाली,
मी केदीजी. मांजरवाली.
कुठल्याच कोशात नसलेला शब्द,
जागच्या जागी जोडलेला, अजून गरम.

पण अंकारा ते हैदरपाशा, रात्रीच्या गाडीत,
चौतीस वर्षं,
दर डब्यात तोच शब्द उच्चारला
तर सांधा कुठे दिसतो?
घासून घासून गुळगुळीत होतो तो,
मग मन त्याला अख्खाच उचलतं
आणि दाराजवळच्या खुंटीवर टांगतं, टोपीसारखा.
त्या रात्री डोक्यातली फडताळं कोसळली.
खुंटी राहिली.

(काही शब्दांत तर मूळ असूनही नसतं.
योलसुझ: अक्षरशः, रस्ता नसलेला. अर्थ: लाचखाऊ.
ही शिवी देताना रस्ता कुणाला आठवतो?)

दुपारी मसुराचं चोर्बा आलं.
एक चमचा घेतला, चमचा खाली ठेवला,
आणि म्हणाले, सुझ.
बस. एवढंच. -वाचून.
कशावाचून? आधी काहीच नाही.
इंजिन नसलेला डबा रुळावर उभा.

तरी डबा मुका नव्हता.
आमच्याकडे प्रत्यय मुळाचा स्वर उचलतो,
पोर बापाची चाल उचलतं तसा.
सिझ नाही, सुझ: म्हणजे आधी उ होता, किंवा ओ.
मी वहीत भराभरा लिहिलं:
पाण्यावाचून. मिठावाचून. झोपेवाचून.
रस्त्यावाचून. मुलावाचून.

नेझाहत हानिम माझी वही तिरकी वाचत होत्या.
त्यांनी पेला पुढे केला. मान हलली: नाही.
पापण्यांवर बोट ठेवून विचारलं, झोप? नाही.
रस्ता? ते हसले, अर्ध्या चेहऱ्याने.
एका शब्दावरून त्यांचं बोट न थांबता गेलं,
छोट्या स्टेशनातून मेल जाते तसं;
फलाटावर दिवा मात्र जळत होता, मी पाहिला.

मग त्यांनी दाराकडे बघितलं, नर्स नव्हती,
पर्समधून कागदाची पुडी काढली
आणि डॉक्टरांनी बंद केलेलं मीठ
चिमूटभर भुरभुरवलं.

त्यांनी चमचा उचलला.
मीठच हवं होतं, की नुसती भूक लागली होती,
की बायकोचं मन राखलं,
मला सांगता येणार नाही.

फॉर्मवर दोन रकाने होते.
मूळ शब्द: कोरा सोडला.
प्रत्यय:
आला.