शिवाय

मांजर आलं ते किराणा पिशवीतून,
चार सरहद्दी ओलांडून,
कानाला जुनी खाच, नाव मुर्चिक.
ओरिस्यानं खुणांनीच विचारलं :
बेकरीत रात्रपाळी आहे, रात्रीपुरतं ठेवाल?
मी हो म्हटलं. मग रात्री लांबत गेल्या.
व्हिल्यांदीत नोव्हेंबरात त्या लांबतातच,
दुपारी चारला दिवा लावावा लागतो.

मी हाक मारली : किस-किस-किस.
सबंध गल्लीतली मांजरं या हाकेला येतात.
हे ढिम्म.
बशीत दूध ओतलं.
चौतीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत
मी दुधातली स्निग्धता मोजली,
दुधाच्या बाबतीत माझा शब्द कुणी मोडत नाही.
त्यानं बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
खिडकी बंद करणाऱ्या कारकुनाकडे पाहावं तसं.

तेव्हा मी, वय वर्षं बाहत्तर,
मंगळवारी ग्रंथालयात गेले
आणि युक्रेनियन भाषेचं व्याकरण मागितलं.
उर्वे म्हणाली, "हेल्वे, आता हे कशाला?"
म्हटलं, मांजराशी बोलायचंय.
तिनं न हसता शिक्का मारला.
याआधी मधमाश्या होत्या, त्याआधी दगडी पूल,
एका हिवाळ्यात नुसत्या गाठी, दोरीच्या.

घरात स्टोव्हच्या डावीकडे बर्चची लाकडं,
उजवीकडे पुस्तकं, तेवढीच उंच रास.
एंडेल असताना म्हणायचा,
थंडी फारच वाढली तर उजवीकडून सुरुवात करू.
पोंतूनं तेवढी वाट पाहिली नाही.
पिल्लू होता तेव्हा त्यानं खगोलशास्त्र खाल्लं,
पान एकशे बारा ते एकशे तीस,
अख्खा शनी, कड्यांसकट.
दंड भरला, पुस्तक ठेवून घेतलं.
अजूनही मी गुरूवरून थेट युरेनसवर जाते,
मधलं सगळं त्याच्या पोटात.
आता तो चौदाचा आहे,
कान गेलेत, आणि जिना मी त्याला उचलून चढते.

कित्स-कित्स.
धडा पहिला, पान सातवरची तळटीप.
मुर्चिक कपाटाखालून निघालं
आणि सरळ व्याकरणावर येऊन बसलं,
नेमकं धातूंच्या तक्त्यावर.
तेव्हापासून माझे धातू कच्चे आहेत.

रविवारी ओरिस्या येते, बाहीला पीठ,
बरोबर कालचा काळा पाव.
ती माझे उच्चार झाडते,
मी तिला आमच्या विभक्त्या शिकवते.
चौदा. ती कपाळावर हात मारते.
सांगितलं, बघ, 'सह' ही आमच्याकडे विभक्ती आहे,
'शिवाय' हीसुद्धा.
वेगळा शब्द लागत नाही, नामालाच चिकटते.
कुत्रा घे. समोरच झोपलाय.
कोएरागा : कुत्र्यासह.
आता एकच अक्षर बदलायचं की

पोंतूच्या बरगड्या वर गेल्या,
बराच वेळ वरच राहिल्या,
मग उतरल्या.

म्हटलं, नको, छत्री घेऊ.
छत्रीसह. छत्रीशिवाय.
ओरिस्यानं खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं,
काही विचारलं नाही, लिहून घेतलं.
मग आपणहून आणखी चार-पाच नामं लिहिली,
हात आडवा धरून.
वही माझ्याकडे आली तेव्हा
मी नामं वाचली नाहीत, फक्त प्रत्यय तपासले.
सगळे बरोबर होते.

शिवाय, मुर्चिक आता किस-किसलाही येतं,
त्याच्या मनात असेल तेव्हा.
रात्री पोंतूच्या पोटाला पाठ लावून झोपतं,
आणि मी मोठ्यानं वाचते,
एकाला ऐकू येत नाही,
दुसऱ्याला माझे उच्चार पटत नाहीत.

काल उर्वेनं फोन केला :
शनीवर नवं पुस्तक आलंय, रंगीत चित्रांचं,
तुझ्यासाठी बाजूला काढू?
म्हटलं, राहू दे गं अजून.
तो धडा घरातच आहे,
स्टोव्हपाशी, झोपेत पाय हलवतोय.